कार्यानुभवाच्या तासाला सुईदोरा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि शाळांच्या सूचनांमधून घरच्या घरी तोरण, बटवे, भेटवस्तूंच्या पिशव्या, रिबिनीची फुले करण्याच्या कृती येऊ लागतात. त्यांत कापड असते, साटीनची रिबीन असते, लेस आणि टिकल्या असतात, पण अलीकडे बहुतेक कृतींमधून सुई आणि दोरा नाहीसे झाले आहेत. रिबिनीची घडी घालून ग्लू गनने चिकटवा, खणाचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेने लेस चिकटवा, एवढ्यात सगळे आटोपते. मखराच्या पुठ्ठ्याला किंवा एका दिवसाच्या सजावटीला हे चालून जाते. परंतु कापडाची वस्तू ही वापरायची, धुवायची आणि प्रसंगी उसवून पुन्हा शिवायची असते. मुलांना कार्यानुभवाच्या तासाला कापड चिकटवायला शिकवून आपण त्यांना एका फार उपयोगी कौशल्यापासून दूर ठेवत आहोत, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली आणि शिवण हा माझ्या आवडीचा विषय आहे, एवढीच माझी याबाबतची पात्रता.

ग्लू गनमधला गोंद म्हणजे उष्णतेने वितळणारे प्लास्टिक. ते निवले की कडक होते, त्यामुळे कापडाचा लवचिकपणा जातो आणि पातळ साटीनखालून गोंदाचे टेंगूळ वर दिसत राहते. इस्त्री लागली की तोच गोंद पुन्हा मऊ होऊन कापडावर आणि इस्त्रीच्या तळाला पसरतो. चिकटवलेली लेस निघू लागली तर ती काढताना खालच्या कापडाचे धागे ओढले जातात, म्हणजे लेसही गेली आणि कापडही. टाक्यांनी लावलेली लेस उसवली तर दोन्ही गोष्टी शाबूत राहतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कशाला तरी लावता येतात. मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ग्लू गनचे तोंड शंभर अंश सेल्सिअसहून बरेच जास्त तापते, त्यामुळे समंजस पालक ती मुलाच्या हाती देत नाहीत. परिणामी वस्तू आई किंवा बाबा करतात, मूल शेजारी बसून टिकल्या पुढे करते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मांडलेल्या त्या वस्तूंवर मुलांची नावे असतात. सुई बोटाला टोचते हे खरे, पण आठ वर्षांचे मूल ती स्वतः धरू शकते आणि पहिला वाकडातिकडा धावदोराही, म्हणजे सुई वर-खाली करत पुढे नेण्याचा साधा टाका, स्वतःच घालू शकते.

शिवणाने मूल नेमके काय शिकते, हे सांगण्यासाठी साधा बटवा घेते. ब्लाउज शिवून उरलेला खणाचा किंवा टू बाय टू या ब्लाउजच्या सुती कापडाचा ८ इंच रुंद आणि १८ इंच लांब तुकडा, अस्तराला जुन्या सुती साडीचा तेवढाच तुकडा आणि अर्ध्या इंचाची साटीनची रिबीन, एवढ्या सामानात तो होतो. सुरुवात मात्र कात्रीने करायची नाही, पाण्याने करायची. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि पॉलिएस्टरची रिबीन आटत नाही. न भिजवलेल्या कापडावर रिबीन शिवली तर पहिल्याच धुण्यानंतर तिच्याखाली कापड गोळा होते आणि पडलेल्या चुण्या कितीही इस्त्री फिरवली तरी जात नाहीत. म्हणून कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचे. लाल किंवा गडद हिरवा खण असेल तर त्याचा रंग जातो का, हेही याच वेळी कळते, आणि पांढऱ्या अस्तराचे पुढचे नुकसान टळते.

मग दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून फक्त आखूड कडा अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडून शिवायच्या आणि काम सुलट करून घ्यायचे. आता मिळालेली दुहेरी पट्टी, खणाची बाजू आत राहील अशी मधोमध दुमडली की बटव्याचा आकार दिसू लागतो. दोन्ही बाजू घडीकडून वर शिवत जायच्या, पण तोंडापासून दीड इंच अलीकडे थांबायचे. इथे धावदोरा पुरत नाही. बटव्यात चिल्लर, चाव्या असे वजन पडले की धावदोऱ्याचे टाके उलगतात, म्हणून उलटी टीप घालावी लागते. सुई एक टाका पुढे काढायची, मागच्या टाक्याच्या टोकात परत घालायची आणि पुन्हा पुढे यायचे. असा प्रत्येक टाका आधीच्या टाक्याला धरून ठेवतो, आणि एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी सगळी शिवण सुटत नाही. मोकळ्या ठेवलेल्या दीड इंचात खणाची आणि अस्तराची कड वेगवेगळी आत वळवून तुरपायची. आतल्या शिवणीच्या कडा दोरे सोडू नयेत म्हणून त्यांवर काज टाका, म्हणजे बटणाच्या काजाला घालतात तसा कडेला वेढणारा टाका, घालायचा. बटवा सुलट केल्यावर तोंडापासून अर्ध्या इंचावर एक आणि तिच्याखाली पाऊण इंचावर दुसरी अशा दोन समांतर टिपा दोन्ही अंगांना घातल्या की नेफा तयार होतो. अर्ध्या इंचाच्या रिबिनीला पाऊण इंचाचा नेफा लागतो. दोन्ही मापे सारखी ठेवली तर रिबीन आत मुडपते आणि सरकत नाही.

यानंतरचा भाग मुलांना सर्वांत आवडतो. साधारण २४ इंचांचे रिबिनीचे दोन तुकडे घ्यायचे. एका तुकड्याच्या टोकाला सेफ्टीपिन लावून तो डाव्या बाजूने नेफ्यात घालायचा, पुढच्या अंगातून उजवीकडे बाहेर काढून मागच्या अंगात शिरवायचा आणि पुन्हा डावीकडे आणून त्याच्याच दुसऱ्या टोकाला गाठ मारायची. दुसरा तुकडा उजवीकडून सुरू करून तसाच पूर्ण फेरा घालून उजवीकडे आणायचा. दोन्ही बाजूंनी एकदम ओढले की बटव्याचे तोंड सारखे मिटते. एकच रिबीन घातली तर तोंड एका बाजूला गोळा होते आणि फट राहते. हे मुलांना आधी सांगू नये, एक रिबीन घालून ओढू द्यावे आणि मग दुसरीची गरज त्यांनाच शोधू द्यावी. माप घेणे, माया धरून हिशेब करणे, कापडाच्या उलट-सुलट बाजूंचा विचार करणे आणि शिवताना दिसत नसलेली बाजू मनात धरून ठेवणे, हे सगळे या एका लहानशा वस्तूत येते. भूमितीच्या तासाला फळ्यावर जे अवघड वाटते, ते इथे हातात असते.

रिबिनीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण ती दिसायला साधी असली तरी तिच्यावर काम बिघडण्याचे प्रसंग सर्वाधिक येतात. साटीन हे धाग्याचे नाव नाही, विणीचे आहे. त्या विणीत एका बाजूचे धागे लांब लांब सुटे राहतात, म्हणून ती बाजू चकाकते, आणि म्हणूनच बोथट सुईने किंवा खरखरीत बोटाने तिचे धागे लगेच ओढले जातात. टाचण्यांची भोकेही तिच्यावर कायम दिसतात, तेव्हा टाचणी नेहमी कडेला, शिवणीत झाकली जाईल अशी लावावी. मशीनवर शिवायचे असेल तर जाड कापडाची १६ नंबरची सुई काढून बारीक, ११ नंबरची सुई घालावी. आज बाजारात मिळणारी बहुतेक साटीन रिबीन पॉलिएस्टरची असते, त्यामुळे तिची टोके तिरकी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ, ज्योतीला न लावता, क्षणभर धरली की कड वितळून बंद होते आणि दोरे सुटत नाहीत. हे काम अर्थातच मोठ्या माणसाने करायचे. सुती फितीवर मात्र हा उपाय चालत नाही, ती वितळत नाही, पेटते.

यातूनच कापड ओळखण्याची एक जुनी रीत मुलांना दाखवता येते. कापडाचे दोन-चार धागे चिमट्यात धरून जाळले की सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन मऊ करडी राख सोडतो, रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी तयार होतो. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हातमागावरचा खण आणि त्याच नक्षीचा यंत्रमागावरचा पॉलिएस्टरचा खण दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात, त्यांतला फरक डोळ्यांना दिसला नाही तरी या मण्यावरून कळतो. हीच परीक्षा बाजारहाटाच्या पिशव्यांनाही लावावी. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली, देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि त्या काळात कापडी म्हणून ज्या पातळ, ठिपक्याठिपक्यांच्या नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या, पिशव्या सगळीकडे दिसू लागल्या, त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच आहेत. ज्या मुलाने स्वतः सुती पिशवी शिवली आहे, त्याला हे सांगावे लागत नाही, कारण विणलेल्या कापडाचा उभा-आडवा धागा त्याच्या बोटांच्या ओळखीचा झालेला असतो.

रिबीन वळणावर बसत नाही, हेही घरी शिवणाऱ्या नवख्यांना कोणी सांगत नाही. तिच्या दोन्ही कडा विणतानाच बंद केलेल्या असतात, त्यामुळे ती ताणली जात नाही. बाळाच्या झबल्याच्या गळ्याला हौसेने रिबीन लावली की आतल्या बाजूला ती उभी राहते आणि बाळाच्या मानेला टोचते. गळ्याला आणि मुंढ्याला कापडाच्या तिरक्या धाग्यावर, म्हणजे पंचेचाळीस अंशांत कापलेली पट्टीच लागते, कारण तिरके कापलेले कापड ताणले जाते आणि वळणाबरोबर वळते. रिबीन सरळ जागी वापरावी, दुपट्याच्या कडेला, उशीच्या अभ्र्याला, पिशवीच्या तोंडाला, तोरणाच्या पट्टीला. फूल करायचे असेल तर एक इंच रुंदीच्या फूटभर रिबिनीच्या एकाच कडेला बारीक धावदोरा घालावा, दोरा हलकेच ओढून चुण्या करून घ्याव्यात, ती पट्टी स्वतःभोवती गुंडाळत जावी आणि प्रत्येक वेढ्याला खालून एक टाका मारावा. ग्लू गन तापण्याची वाट पाहण्यात जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढ्यात हे फूल होते. ते ज्या परकराला किंवा पिशवीला लावले असेल, ते धुवायच्या वेळी दोन टाके उसवून बाजूला काढून ठेवता येते.

महाराष्ट्राला हातांच्या शिक्षणाचा विचार नवा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आश्रयाला आलेल्या स्त्रियांना विणकाम, शिवणकाम, छपाई असे स्वतःच्या पायांवर उभे करणारे उद्योग शिकवले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातही शिवणाच्या वर्गाला मानाची जागा होती. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी सगळे प्राथमिक शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, असा विचार मांडला. त्या विचारातले सगळेच आज जसेच्या तसे आणता येईल असे मी म्हणत नाही. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना हस्तव्यवसायांचा प्रत्यक्ष अनुभव द्यावा आणि दहा दिवस दप्तराविना असावेत, असे म्हटले आहे. तिथे उदाहरणादाखल सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम आणि कुंभारकाम यांची नावे आहेत. शिवणकामाचा उल्लेख नसला तरी त्याला कोणी मनाईही केलेली नाही. सुतारकामाला जागा आणि अवजारे लागतात, कुंभारकामाला चाक आणि भट्टी लागते. शिवणाला एक सुई, एक रीळ, एक कात्री आणि बसायला सतरंजी पुरते, आणि शिकवणारी व्यक्ती जवळजवळ प्रत्येक गावात आहे.

यात मुलगे आणि मुली असा भेद अजिबात नसावा. पूर्वी अनेक शाळांत मुलींना शिवण आणि मुलांना दुसरे काहीतरी अशी विभागणी होती, आणि तिचा परिणाम असा झाला की शिवण हे फक्त बायकांचे घरकाम आहे, अशी समजूत रुजली. वास्तविक आपल्याकडे शिंपीकाम हा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीही केलेला व्यवसाय आहे, संत नामदेवांचे घराणे शिंप्याचेच, आणि आजही शहरांतल्या कपड्यांच्या कारखान्यांत मशीनवर बसलेले असंख्य कारागीर पुरुष आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला शर्टाचे बटण लावता येत नाही, पँटची उसवलेली तळपट्टी तुरपता येत नाही, पिशवीचा तुटलेला बंद शिवता येत नाही. मग चांगल्या अवस्थेतले कपडे केवळ एका टाक्यावाचून बाजूला पडतात. हे नुकसान मुलांचे आहे, आणि ते टाळणे आपल्या हातात आहे.

शिक्षकांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात चाळीस-पन्नास मुले असतात, सुया हरवतात, कोणाच्या तरी पायात जातात. यावर जुन्या शिक्षिकांचा उपाय फार सोपा होता आणि तो आजही चालतो. सुया मोजून द्यायच्या, प्रत्येकाने आपली सुई दोऱ्यासकट छातीवर लावलेल्या कापडाच्या तुकड्यात टोचून ठेवायची, रिकामी सुई बाकावर कधीही ठेवायची नाही, आणि तास संपण्याआधी पाच मिनिटे सुया मोजून परत घ्यायच्या. संख्या जुळल्याशिवाय कोणी उठायचे नाही. लहान मुलांना मोठ्या नाकाची, थोडी बोथट टोकाची सुई आणि सैल विणीचे जाड सुती कापड द्यावे. दोरा कोपरापर्यंतच्या लांबीचा असावा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि मूल कंटाळते. सामानाचा खर्च म्हणाल तर कापड विकत घेण्याची गरजच पडत नाही. कोणत्याही शिंप्याकडे कातरणांची गोणी भरलेली असते आणि शाळेसाठी मागितल्या तर तो आनंदाने देतो. घरोघरी जुन्या साड्या, ओढण्या, अभ्रे असतात. रिबीन, लेस, हूक आणि मणी यांसाठी पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर ही नेहमीची ठिकाणे आहेत, आणि तालुक्याच्या गावीही बांगड्यांच्या दुकानात हे सगळे मिळते.

घरातल्या मशीनबद्दलही एक शब्द लिहायला हवा. कितीतरी घरांत आजीची पायाची काळी मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते आणि ती बिघडली आहे असे सगळे धरून चालतात. पुष्कळदा तिला दुरुस्तीची गरज नसते. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साठलेले तंतू ब्रशने काढले, बॉबिनच्या घराभोवती अडकलेले दोऱ्याचे तुकडे काढले, मशीनच्या तेलाचे थेंब ठिकठिकाणी सोडून कापडावाचून थोडा वेळ चालवली, सैल पडलेला पट्टा बदलला आणि नवी सुई घातली, की ती पूर्ववत टीप मारू लागते. खोबरेल तेल मात्र कधीही घालू नये, ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होऊन मशीन जड करते. मुलाला हाताची उलटी टीप नीट येऊ लागली की दहा-बारा वर्षांच्या वयात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, त्याला या मशीनवर जुन्या कापडावर सरळ रेघ मारायला बसवावे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. पूर्वी मराठी नियतकालिकांतून विणकामाचे आणि भरतकामाचे नमुने टाक्यांच्या संख्येसह छापले जात आणि गृहिणी ते कापून वहीत चिकटवून ठेवत. आपल्या पुरवणीत आठवड्यातून एकदा, चतकोर पान जरी मिळाले तरी, शिवणाचा एक नमुना द्यावा. नुसते तयार वस्तूचे रंगीत छायाचित्र देऊन उपयोग होत नाही. कापडाचे माप, माया किती धरायची, कोणत्या बाजूला उभा धागा घ्यायचा, कुठे धावदोरा चालेल आणि कुठे उलटी टीप हवी, हे रेखाचित्रासह छापले जावे. सुरुवात चौकोनी पिशवीने करावी, मग बटवा, मग दुपटे, टोपडे, कुंची, आणि वर्षाच्या शेवटी लहानशी गोधडी. शाळांनाही कार्यानुभवासाठी हेच पान वापरता येईल. मापे इंचांत छापावीत, कारण शिवणाची मापे शिंप्यांच्या आणि घरोघरच्या बायकांच्या तोंडी इंचांतच आहेत, पण मुलांसाठी कंसात सेंटिमीटरही द्यावेत, कारण त्यांच्या कंपासपेटीतली पट्टी सेंटिमीटरची असते आणि ती वापरायला त्यांना एक खरेखुरे कारण मिळेल. पिशवीचा पहिला नमुना काढून पाठवायची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा